'सीनियर' म्हणजे वयाने मोठा की हुद्द्याने?

शब्दवेल्हाळ
धाग्याला निमित्त आमच्या ऑफिसातलं. नवीन रुजू झालेल्या मुलाची ओळख करून देताना आमच्या टीम लीडने (वय २९) पन्नाशी ओलांडलेल्या एका सहकाऱ्याकडे हात करून "हे माझे ज्युनियर" असं सांगितलं. चुकीचं काही नव्हतं, हुद्द्याच्या उतरंडीत ते तसेच आहेत. पण ऐकणाऱ्या तिघाचौघांना खटकलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावरून चांगलीच जुंपली. एक बाजू म्हणे, सीनियर-ज्युनियर हे हुद्द्याचेच शब्द आहेत, त्यात वय कशाला आणायचं. दुसरी म्हणे, मग 'सीनियर सिटिझन' कुठला हुद्दा असतो?

आजूबाजूला पाहिलं तर गोंधळ भरपूर आहे. सीनियर केजीत पाच वर्षांचं पोर असतं. सीनियर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचं. पोलीस ठाण्यात सीनियर पीआय असतात, कोर्टात सीनियर अ‍ॅडव्होकेट असतात आणि बसमध्ये ज्येष्ठांच्या राखीव जागेवर सीनियर सिटिझन. शब्द एकच, मोजपट्ट्या पाच.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा शब्द मुळात वयाचा की मानाचा? वयाचा असेल तर तो हुद्द्यावर कधी आणि का गेला? आणि मराठीत आपण हे दोन अर्थ वेगळे ठेवतो का?

पाटाचं पाणी
माझी लेक सीनियर केजीत आहे. ज्युनियर केजीवाल्यांना ती "ती लहान मुलं" म्हणते. तिच्यापुरता प्रश्न सुटलेला आहे.

अनुष्टुभ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: वयाचा. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा आणि 'सेनिओर' हे त्याचं तरभावाचं रूप, म्हणजे 'अधिक म्हातारा'. त्याची जोडी 'यूनिओर', 'अधिक तरुण', जे इंग्रजीत ज्युनियर झालं. त्याच 'सेनेक्स'पासून 'सिनेट' आलं, म्हणजे म्हाताऱ्यांची सभा. 'सिनाइल'ही तिथलंच. एकाच झाडाला मानाची सभा आणि म्हातारचळ, दोन्ही लागलेली आहेत.

रोमन लोक तर हे वय मोजून ठरवत. त्यांच्या मतदानाच्या आणि लष्करी वर्गवारीत ४६ वर्षांपर्यंतचे पुरुष 'यूनिओरेस', ते लढायला बाहेर जाणार. त्यापुढचे 'सेनिओरेस', त्यांनी मागे राहून शहर राखायचं. इथे कोणी कोणाचा साहेब नव्हता, हिशोब निव्वळ वयाचा होता.

आता आपल्याला जवळची गोष्ट. संस्कृतात 'सन' हे विशेषण आहे, अर्थ जुना, पुरातन. वेदांत ते आढळतं. हा 'सन' आणि लॅटिन 'सेनेक्स' एकाच मूळ धातूचे. लिथुआनियन भाषेत आजही जुन्याला 'सेनास' म्हणतात. आणि 'यूनिओर'चं भावंड म्हणजे आपला 'युवन्'. संस्कृतात युवन्‌चं तरभावाचं रूप 'यवीयस्' आहे, ते 'यूनिओर'ला हाडामांसाने जुळतं.

कातरवेळ
थांबा, म्हणजे 'सनातन' आणि 'सीनियर' एकाच घरातले?

अनुष्टुभ
हो. 'सना' म्हणजे पूर्वीपासून, सदैव. त्याला 'तन' लागून सनातन, जसं पुरातन, नूतन, अद्यतन. फक्त एक काळजी घ्या: 'इसवी सन' मधला 'सन' वेगळा. तो अरबी, अर्थ वर्ष. दोघांची गाठ घालू नका.

मिरजमेल
वाचतोय. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहतोय, कारण खरी गंमत तिथे असणार.

किल्लेदारीण
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, मध्ययुगीन युरोप हा माझ्या आवडीचा विषय आहे.

पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य ढासळल्यावर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, कायदा आणि संरक्षण या गोष्टी बलवान जमीनदारांच्या हाती गेल्या. मालकाला लॅटिनमध्ये जुना शब्द होता 'दोमिनुस'. पण ख्रिस्ती प्रार्थनेत तो देवाला लागू लागला होता. मग गढीतल्या मालकाला काय म्हणायचं? घरातल्या वडीलधाऱ्याला जे म्हणत तेच, 'सेनिओर'. हळूहळू त्या शब्दातलं वय गळून पडलं. इ. स. ८४७ मध्ये मेर्सन इथे शार्लमेनचे तीन नातू, त्या वेळचे फ्रँक राजे, एकत्र आले. तिथल्या फर्मानात असं आहे की राज्यातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाने आपल्या पसंतीचा एक 'सेनिओर' धरावा. इथे 'सेनिओर' म्हणजे सरळसरळ धनी, ज्याची चाकरी करायची आणि ज्याच्या आश्रयाला राहायचं तो. धनी विशीतला असला तरी तो 'अधिक म्हातारा'च.

पुढे या एका शब्दाची फ्रेंचमध्ये दोन रूपं झाली. कर्त्याच्या विभक्तीतून 'सीर', कर्माच्या विभक्तीतून 'सीन्यर' (म्हणजे सरंजामदार). 'सीर' इंग्लंडात गेला आणि १३०० च्या सुमारास आखडून 'सर' झाला. म्हणजे आपण शाळेत ज्याला रोज हाक मारतो तो 'सर' आणि ऑफिसातला 'सीनियर' हे मूळचे एकच. 'सर' फ्रेंचमार्गे आधी आला, 'सीनियर' नंतर थेट लॅटिनातून उचलला. फ्रेंचमधलं श्रीयुत, 'मस्य', म्हणजे 'माझा धनी', तोही यातलाच. स्पॅनिश 'सेन्योर', पोर्तुगीज 'सिन्योर', इटालियन 'सिन्योरे', सगळी त्याच म्हाताऱ्याची नातवंडं.

फ्रेंच क्रांतीत ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क मोडायचं ठरलं ते याच 'सीन्यर' लोकांचे. त्यानंतर काही वर्षं 'मस्य' म्हणणंसुद्धा संशयास्पद होतं, 'नागरिक' म्हणायचं असा आग्रह होता. पण 'मस्य' परत आलाच, आणि आज पॅरिसमध्ये भाजीवाल्यालाही मस्य म्हणतात. हुद्द्याचा शब्द सगळ्यांना वाटून टाकला की तो नुसती सभ्यता होऊन उरतो.

रानजाई
किल्लेदारीण, प्रतिसाद जपून ठेवला आहे. सुंदर.

घाटमाथा
थोडा वेगळा विचार मांडतो. 'सर' हा फारसीतून गेलेला असणार. आपल्याकडे सरदार, सरसेनापती, सरनोबत, सरखेल हे शब्द इंग्रजांच्या आधीपासून आहेत. नेताजी पालकर सरनोबत होते, कान्होजी आंग्रे सरखेल. 'सर' म्हणजे प्रमुख. इंग्रजांनी इथूनच उचलला असेल.

अनुष्टुभ
@घाटमाथा, ध्वनी जुळतो, घराणं जुळत नाही. फारसी 'सर' म्हणजे डोकं. तो आपल्या 'शिरस्'चा सख्खा भाऊ. सरदार म्हणजे अग्रस्थान धारण करणारा. इंग्रजी 'सर' १३००च्या सुमाराचा, आणि इंग्रज व्यापारी सुरतेला आले १७व्या शतकाच्या सुरुवातीला. तीनशे वर्षांचं अंतर आहे. एक शब्द डोक्यावरून आला, दुसरा पांढऱ्या केसांवरून, आणि मराठीत दोघांचं उच्चारण एकच झालं.

घाटमाथा
तारखांचा मुद्दा पटला. पण मग आपल्या 'सरखेल'ला 'सर' आधीच लागलेला होता, राणीची गरज नव्हती, एवढं तरी म्हणू द्या.

मिरजमेल
हे मान्य!

अवांतर: 'सर' किताब नावाला लागतो, आडनावाला लागत नाही. 'सर रामकृष्ण', 'सर जमशेटजी' असं म्हणायचं, 'सर भांडारकर' असं इंग्रज म्हणत नाहीत. रा. गो. भांडारकरांना १९११ मध्ये हा मान मिळाला. जमशेटजी जीजीभॉय १८४२ मध्येच 'सर' झाले होते. रवींद्रनाथांना १९१५ मध्ये मिळाला आणि १९१९ मध्ये जालियनवाला बागेनंतर त्यांनी तो परत केला. आणि आपल्या शाळेत सर म्हणजे आडनावानंतर येणारा: कुलकर्णी सर, शेख सर. आपण शब्द घेतला पण त्याची जागा उलटी केली. 'राव', 'पंत', 'बुवा' जसे मागे लागतात तसा 'सर' मागे बसवला.

बार्देशकार
गोव्यातून लिहितो. आमच्याकडे किल्लेदारीणताईंच्या 'सिन्योर'चं वेगळंच प्रकरण आहे. पोर्तुगीजांच्या काळात चर्चना नावं पडली 'नॉसा सिन्योरा...', म्हणजे आमची स्वामिनी, अर्थात मरियम. पणजीच्या त्या पांढऱ्या, झिगझॅग पायऱ्यांच्या चर्चचं नावही तसंच. पण कोंकणीत भाविकांनी 'सिन्योरा' घेतलं नाही. ते म्हणतात 'सायबीण'. सेंट फ्रान्सिस झेवियर म्हणजे 'गोंयचो सायब'. आता 'सायब' म्हणजे साहेब, आणि तो अरबी 'साहिब', ज्याचा मूळ अर्थ सोबती. सोबत्याचा मालक झाला. म्हणजे लॅटिनमधल्या म्हातारीच्या जागी कोंकणीत अरबी सोबतीण येऊन बसली आणि देवमाता झाली.

म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई या बहिणी-बहिणी अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. थोरली कोण आणि धाकटी कोण यावर मात्र मी इथे बोलणार नाही, गावात राहायचं आहे.

कातरवेळ
'सोबत्याचा मालक' हे वाचून थबकले. म्हणजे हुद्द्याचे शब्द मुळात हुद्द्याचे नसतातच का?

सुभेदारांचा नातू
@कातरवेळ, लष्करात तर नसतातच. मार्शल घ्या. जुन्या जर्मानिक भाषांत 'मार्ह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे नोकर. घोड्यांचा मोतद्दार. तो फ्रेंच दरबारात चढत चढत सेनापती झाला. माणेकशा १९७३ मध्ये फील्ड मार्शल झाले तेव्हा भारतीय सैन्यातल्या सर्वोच्च पदाचं नाव तबेल्यातून आलेलं होतं. कॉन्स्टेबलही तबेल्याचाच: 'कोमेस स्ताबुली', तबेल्याचा अधिकारी. फ्रान्समध्ये कॉन्स्टेबल हा राजाच्या सैन्याचा प्रमुख होता, आपल्याकडे तो चौकात उभा आहे. एक वर गेला, दुसरा खाली आला. अ‍ॅडमिरलमध्ये अरबी 'अमीर' लपलेला आहे.

आणि एक कोडं. मेजर हा लेफ्टनंटच्या वर असतो. मग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलच्या वर का?

पाटाचं पाणी
हे मी लहानपणापासून विचारतोय. सांगा.

सुभेदारांचा नातू
कारण हा 'मेजर' तो मेजर नव्हे. १७व्या शतकात पूर्ण नाव 'सार्जंट मेजर जनरल' होतं. सैन्याचा मुख्य कॅप्टन जनरल, त्याचा दुय्यम लेफ्टनंट जनरल, आणि त्याखाली सार्जंट मेजर जनरल. पुढे 'सार्जंट' गळला आणि कोडं तयार झालं. 'मेजर' हाही लॅटिन तरभावच, अर्थ 'अधिक मोठा'. लंडनचा मेयर त्याच शब्दातून आला.

आमच्या साताऱ्याकडे मात्र रँक काहीही असो, सुट्टीवर आलेला फौजी म्हणजे मेजर. आजोबा सुभेदार होते, तरी गाव त्यांना शेवटपर्यंत मेजरच म्हणत राहिलं. आणि धाग्याच्या विषयाशी जोडायचं तर: पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला पाठीमागे 'ओल्ड मॅन' म्हणतात. तो बिचारा जेमतेम चाळिशीचा असतो. सेनिओरचा मूळ अर्थ पलटणीत अजून जिवंत आहे.

रानजाई
आता माझं आवडतं. लॅटिन 'माजिस' म्हणजे अधिक, त्यावरून 'माजिस्तर', म्हणजे मास्टर. पोर्तुगीजमध्ये तो 'मेस्त्र' झाला आणि कोकणात उतरून आपला मेस्त्री झाला, गवंडीकाम करणारा. आणि लॅटिन 'मिनुस' म्हणजे कमी, त्यावरून 'मिनिस्तर', म्हणजे हाताखालचा, सेवक. तोच आजचा मिनिस्टर.

व्युत्पत्तीच्या हिशोबाने मेस्त्री वरचा आणि मिनिस्टर खालचा.

मिरजमेल
हे वाक्य चौकटीत लावून मंत्रालयात टांगा.

पाटाचं पाणी
आमच्या मेस्त्रीला हे कळलं तर तो आणखी आठ दिवस उशिरा येईल. कृपया पसरवू नका.

बवेरियाचा बंडू
जर्मनीतून थोडी भर. इथला 'हेर' (म्हणजे श्रीयुत) हाही तरभावच आहे. जुन्या जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे पिकलेल्या केसांचा, आदरणीय. त्याचा 'हेरिरो', अधिक पिकलेला. लॅटिन 'सेनिओर' समोर ठेवून तो घडवला गेला. आई-वडिलांना इथे 'एल्टर्न' म्हणतात, शब्दशः 'अधिक वयाचे'. म्हणजे फ्रान्समध्ये झालं तेच ऱ्हाइनच्या पलीकडेही झालं, शब्द मात्र घरचा वापरला.

दख्खनी
आणि पूर्वेकडे? अरबी 'शेख' म्हणजे म्हातारा माणूस. त्यावरून टोळीचा प्रमुख, मग विद्वान, मग आडनाव. फारसी 'पीर' म्हणजेही म्हातारा. दर्ग्यातले पीरबाबा तरुणपणी गेलेले असले तरी पीरच. ग्रीकमध्ये 'प्रेस्बितेरोस' म्हणजे अधिक वयाचा, त्यातून इंग्रजीत 'प्रीस्ट' आला. पालीतला 'थेर' म्हणजे स्थविर, वृद्ध भिक्षू. थेरवाद हे नावच त्यावरून. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या गेरूसियेत, म्हणजे ज्येष्ठांच्या सभेत, साठीपुढचे २८ जण आणि दोन राजे बसत. 'गेरोन' म्हणजे म्हातारा, आणि त्याचं नातं आपल्या 'जरा'शी. टोळी असो, संघ असो, नगरराज्य असो, माणसाने सगळीकडे सत्तेला म्हाताऱ्याचंच नाव दिलं आहे.

टोकियोची मावशी
जपानीत 'सेनसेई' म्हणजे शब्दशः 'आधी जन्मलेला'. शिक्षक, डॉक्टर, वकील, सगळ्यांना लागतो, वय न बघता. पण 'सेनपाई' वेगळा. त्यात वय बघत नाहीत, तुमच्या आधी संस्थेत आला का ते बघतात. माझ्या ऑफिसात माझ्याहून बरीच लहान मुलगी माझी सेनपाई आहे, कारण ती आधी रुजू झाली. हुद्दा आमचा सारखाच. म्हणजे वय, हुद्दा आणि रुजू होण्याचा क्रम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंग्रजी 'सीनियर' तिन्हींना एकच चिठ्ठी डकवतो.

शब्दवेल्हाळ
मावशी, हे फार नेमकं झालं! आमच्या ऑफिसातला वाद याच तीन गोष्टींचा होता.

पण माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे. मराठीचं काय?

अनुष्टुभ
मराठीच्या आधी पाणिनी, कारण त्याने हा गोंधळ तेव्हाच नोंदवून ठेवला आहे. अष्टाध्यायीत ५.३.६० ला सूत्र आहे 'प्रशस्यस्य श्रः'. म्हणजे 'प्रशस्य' (स्तुत्य) या शब्दाला तर-तमभावाचे 'ईयस्' आणि 'इष्ठ' हे प्रत्यय लागताना त्याच्या जागी 'श्र' येतो, त्यातून श्रेष्ठ. पुढचं सूत्र 'ज्य च': त्याच प्रशस्यच्या जागी 'ज्य'ही येतो, त्यातून ज्येष्ठ. आणि त्याच्या पुढचं सूत्र 'वृद्धस्य च': वृद्धाच्या जागीही 'ज्य'च येतो, त्यातूनही ज्येष्ठ. म्हणजे पाणिनीच्या हिशोबाने 'ज्येष्ठ'चे दोन अर्थ आहेत, सर्वांत स्तुत्य आणि सर्वांत वृद्ध, आणि रूप एकच. सेनिओरची सारी कहाणी दोन लागोपाठच्या सूत्रांत. 'कनिष्ठ'चंही तसंच: ५.३.६४ मध्ये 'युवन्' आणि 'अल्प' दोघांनाही विकल्पाने 'कन्' सांगितला आहे. सर्वांत तरुणही कनिष्ठ आणि सर्वांत कमीही कनिष्ठ.

'वरिष्ठ' मात्र या वादात नाही. तो 'उरु'पासून, आणि 'उरु' म्हणजे विस्तीर्ण, रुंद. वरिष्ठ म्हणजे मुळात सर्वांत रुंद.

मिरजमेल
आमच्या खात्यातले वरिष्ठ पाहिल्यावर पाणिनीबद्दलचा आदर दुणावला.

कातरवेळ
सूत्र लागोपाठ असणं ही किती देखणी गोष्ट आहे. वृद्धाला आणि स्तुत्याला त्याने शेजारी बसवलं.

घाटमाथा
उलट दिशेने गेलेला एक शब्दही मराठीत आहे. संस्कृत 'आर्य', 'आर्यक', म्हणजे माननीय. प्राकृतात 'अज्ज', 'अज्जय', आणि मराठीत 'आजा', आजोबा. पालीतही 'अय्यक' म्हणजे आजोबाच. युरोपात म्हाताऱ्याचा मालक झाला, आपल्याकडे माननीयाचा आजोबा झाला. मला आपली दिशा अधिक आवडते.

किल्लेदारीण
घाटमाथा, छान भर. पण दिशेवरून मन सुखावून घेऊ नये असं मला वाटतं. गावच्या पाटलाच्या विशीतल्या पोराला साठीच्या बलुतेदाराने 'दादा', 'मालक', 'तात्या' म्हणायचं, हे आपल्याकडेही होतंच की. आणि तो पोरगा त्या म्हाताऱ्याला एकेरीत हाक मारायचा. हा मेर्सनचा सेनिओरच आहे. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट टोचते. आदर वयाला होता. सत्तेने तो शब्द उसना घेतला आणि परत केलाच नाही. शब्दवेल्हाळ यांच्या ऑफिसातल्या लोकांना जे खटकलं ते त्यामुळेच खटकलं, आणि त्यांचं खटकणं योग्य होतं.

सह्यवारा
मी असहमत. वय म्हणजे काही कर्तृत्व नव्हे. नुसतं आधी जन्मल्याबद्दल कोणी कोणाचा वरिष्ठ का व्हावा? २९ वर्षांची मुलगी किंवा मुलगा स्वतःच्या कामावर टीम लीड झाला असेल तर त्याला तो हुद्दा निःसंकोच सांगता आला पाहिजे. आपल्या घरांत 'मोठ्यांसमोर बोलायचं नाही' यापायी किती जणींची तोंडं बंद राहिली ते मी पाहिलं आहे. शब्दातून वय गळलं हे बरंच झालं.

किल्लेदारीण
सह्यवारा, हुद्दा सांगायला माझी हरकत नाही. 'मी टीम लीड, हे आमच्या टीममधले' एवढं पुरे होतं. 'माझे ज्युनियर' म्हणताना त्यात 'माझे'सुद्धा येतं, ते बघा.

सह्यवारा
'माझे' बद्दल सहमत.

निवृत्त हेडक्लार्क
उशिरा आलो. सगळं वाचून काढलं. शब्दवेल्हाळ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदांत आहे, आणि मला ते फार अभिमानाचं वाटतं, कारण आयुष्य त्या कागदांत गेलं.

मराठीने कामं वाटून घेतली आहेत. हुद्द्याची पायरी सांगायची तिथे 'वरिष्ठ': वरिष्ठ लिपिक, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, वरिष्ठ महाविद्यालय, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. वय आणि अनुभवाचा मान सांगायचा तिथे 'ज्येष्ठ': ज्येष्ठ नागरिक, ज्येष्ठ पत्रकार, ज्येष्ठ रंगकर्मी. कोणी 'वरिष्ठ नागरिक' लिहिलं तर ते हिंदीच्या वळणाचं आहे हे लगेच कळतं. इंग्रजीला एका शब्दात जे कोंबावं लागतं ते आपण दोन शब्दांत नीट ठेवलं. जोडीला विरुद्धार्थी मात्र एकच, 'कनिष्ठ', तिथे आपणही कमी पडलो. आणि मावशींनी सांगितलेली तिसरी गोष्ट, रुजू होण्याचा क्रम, त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे: 'सेवाज्येष्ठता'. 'सेवा' हा शब्द मुद्दाम आधी लावला आहे. म्हणजे हे ज्येष्ठपण सेवेतलं, वयातलं नव्हे.

सह्यवारा यांच्यासाठी एक. नुसत्या ज्येष्ठतेवर बढती देऊ नये, गुण पाहावेत, हे म्हणणं बरोबर वाटतं. पण ज्येष्ठता यादी ही दुबळ्याची ढाल आहे. साहेबाच्या मर्जीतला नसलेला कारकून त्या यादीकडे बोट दाखवून उभा राहू शकतो. १९७३ मध्ये न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तिघांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं, तेव्हा देश का हादरला? १९७७ मध्ये न्या. ह. रा. खन्नांना डावलल्यावर त्यांनी राजीनामा का दिला? कारण क्रम मोडला की माणूस निवडण्याची मुभा सत्तेच्या हाती जाते. तिथेही ज्येष्ठता मोजतात ती सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली त्या तारखेपासून, जन्मतारखेपासून नव्हे.

सह्यवारा
काका, 'दुबळ्याची ढाल' हा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. तरी एक शंका: दोघं एकाच दिवशी, एकाच यादीतून रुजू झाले तर सेवाज्येष्ठता कशी ठरवता?

निवृत्त हेडक्लार्क
निवड यादीतल्या गुणानुक्रमाने. आधी ज्याचं नाव तो ज्येष्ठ.

सह्यवारा
आणि गुणही सारखेच असतील तर?

निवृत्त हेडक्लार्क
केंद्रीय लोकसेवा आयोगाचा नियम सांगतो. एकूण गुण सारखे असले तर आधी ठरावीक पेपरांचे आणि मुलाखतीचे गुण मिळून पाहतात. तेही सारखे निघाले तर वयाने मोठा असेल तो वर.

अनुष्टुभ
सेनिओर!

शब्दवेल्हाळ
काका, किल्लेदारीण, अनुष्टुभ, मावशी आणि सगळेच, मनापासून आभार. उद्या जेवणाच्या सुट्टीत वरिष्ठ, ज्येष्ठ आणि सेवाज्येष्ठ हे तीन शब्द टेबलावर मांडणार आहे. 'कनिष्ठ'चं काय करायचं ते मात्र सुचवा. वयाने लहान त्याला 'धाकटा' म्हणता येतं. हुद्द्याने खालच्याला, त्याला उणं न वाटता, काय म्हणाल?

टोकियोची मावशी
नावाने हाक मारा, पुढे 'जी' किंवा 'ताई-दादा' जे चालतं ते. ओळख करून देताना काम सांगा: "हे आमचं टेस्टिंग बघतात."

बार्देशकार
आमच्याकडे 'बाब' लावतात, लहानालाही आणि थोरालाही. मुंबई-पुण्याला हवा तर घेऊन जा.

पाटाचं पाणी
लेकीला विचारलं. ती म्हणाली, "ज्युनियर केजीवाल्यांना पण नाव असतं ना."